गिटारच्या नेकला वॉटरबेस्ड फिनिश: घामाने चिकट न होणारं कोणतं, आणि लावायचं कसं?

कृष्णाकाठचा_सुतार (सांगली)

मंडळी, नमस्कार.

तीन इलेक्ट्रिक गिटारचे नेक (तारांखालची लांब दांडी) तासून तयार आहेत. तिन्ही 25.5 इंच स्केलचे (म्हणजे तारेची वाजती लांबी), बॉडीला बोल्टने बसणारे. एक अख्खा मेपलचा, फिंगरबोर्डही मेपलच. दुसरा स्टीम बीचचा आणि तिसरा सागवानाचा, या दोघांवर शिसमाचा फिंगरबोर्ड. 220 नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासून झालंय, फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या) अजून मारलेले नाहीत.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर नको. काम घरामागच्या पडवीत चालतं, भिंतीपलीकडे गॅसची शेगडी आहे, त्यामुळे थिनरवर चालणारं काहीच तिथे उघडायचं नाही. म्हणून वॉटरबेस्ड पीयू (पाण्यावरचा पॉलियुरेथेन). दुकानात दोन प्रकार मिळतात: एक डब्यातून सरळ लावायचा आणि दुसरा हार्डनर मिसळून लावायचा. दुकानदाराच्या मते फर्निचरला दोन्ही सारखेच. पण टेबलाला कुणी तासभर घामेजलेला हात घासत बसत नाही. बीचच्या तुकड्यावर एका डब्याच्या पीयूचे तीन हात मारून पाहिले. दिसायला झकास, पण चार दिवसांनी ओला अंगठा दहा मिनिटं दाबून धरला की ओढ लागते आणि तिथे पांढुरकं दिसतं.

विचारायचं ते असं: नेकला यातला कोणता टिकेल? स्प्रे गन नाही, कापडाने किंवा ब्रशने जमेल का? सागवानाला वेगळं काही करावं लागेल का? आणि सध्याच्या पावसाळी हवेत हात घालावा की दिवाळीपर्यंत थांबावं?

---

राळ_आणि_रंधा (कराड)

दादा, नेकसाठी हार्डनरवालाच घ्या. कारण नीट समजून घेतलंत तर पुढचे बरेच निर्णय आपोआप होतील.

एका डब्याच्या वॉटरबेस्ड पीयूमध्ये राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातला सॉल्व्हंट त्यांना मऊ करून एकजीव करतो आणि मग तोही हळूहळू निघून जातो. एवढ्यावर थर तयार होतो, पण कण एकमेकांत रासायनिक रीतीने फारसे गुंफले जात नाहीत. घाम म्हणजे नुसतं पाणी नाही. त्यात मीठ, लॅक्टिक आम्ल आणि त्वचेचं तेल असतं, वरून हाताची ऊब. रोज तासभर हे सगळं मिळालं की असा थर मऊ पडतो. हात धुवायचं सॅनिटायझर आणि डास पळवणारं मलम तर त्याहून वाईट, कारण मलमातलं डीट हे रसायन काही प्लास्टिकं आणि वार्निश विरघळवतं.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते राळेच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. एकदा बांधल्या की घाम, तेल, स्पिरिट यांपैकी कशालाही थर सहजी दाद देत नाही.

तुमच्या तुकड्याबद्दल मात्र घाई करू नका. चार दिवसांत एका डब्याचा पीयू पिकत नाही, त्याला तीन-चार आठवडे लागतात. पांढुरकं पडणं हे थरात अजून सॉल्व्हंट अडकल्याचंही लक्षण असतं. तो तुकडा महिनाभर ठेवून पुन्हा तपासा. तपासणी अशी: एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ आणि 10 मिली व्हिनेगर, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा थरावर ठेवायचा, वर काचेची वाटी पालथी घालून रात्रभर तसाच. सकाळी पुसून अर्ध्या तासाने नखाने दाबून बघा. शेजारी दुसरा बोळा सॅनिटायझरचा, पाच मिनिटांसाठी. जो थर या दोन्हींतून सुटतो तो नेकवर टिकतो. डब्यावर फर्निचर लिहिलंय की फ्लोअर, यापेक्षा ही चाचणी जास्त खरं सांगते. आणि हो, लाकडी फरशीचा दोन भागांचा पीयू मिळाला तर बिनधास्त घ्या, तो चपलांच्या घर्षणासाठीच बनवलेला असतो.

आता लावायचं कसं ते.

आधी तुसं मारा. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात, बीचचे तर फारच. स्वच्छ ओल्या फडक्याने नेक पुसा, दोन तास सुकू द्या, 320 नंबरच्या पेपरने फक्त उभी राहिलेली तुसं कापा, दाबून घासू नका. हे दोनदा. 320च्या पुढे जाऊ नका, लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं की पहिल्या हाताला धरायला काही उरत नाही. स्टीलवूल अजिबात वापरायचं नाही. त्याचे कण रेषांत अडकतात आणि पाण्याच्या फिनिशखाली गंजून काळे ठिपके उठतात. काही पेपरवर पांढरी पावडर असते, तिने पुढे थरात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडू शकतात. साधा पेपर घ्या आणि धूळ पुसायला मेण लावलेलं फडकं न घेता किंचित ओलं मायक्रोफायबर घ्या.

माप: मागची बाजू आणि हेडस्टॉक (चाव्या बसतात ते टोक) मिळून एका नेकचं क्षेत्रफळ साधारण 700 चौरस सेंटिमीटर भरतं. कापडाने पुसून लावलं तर एका हाताला एका नेकला 3 ग्रॅमच्या आसपास माल लागतो. तिन्ही नेकना एक हात द्यायला, कापड पितं ते धरून, 15 मिली पुरतो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्यायचं. समजा 10 टक्के लिहिलंय, तर 15 मिलीला दीड मिली. मेडिकलमधून 20 मिली आणि 2 मिलीच्या सिरिंज आणा, डोळ्याच्या अंदाजाने एवढी छोटी मापं जमत नाहीत. हार्डनर कमी पडला तर थर मऊ राहतो, जास्त पडला तर ठिसूळ होतो.

मिसळताना एका हाताने सारखं ढवळत राहा आणि हार्डनर धारेने सोडा. एकदम ओतलात तर त्याच्या गाठी होतात आणि पुढे नेकवर पांढरे कण दिसतात. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, फेस बसू द्या, नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळा. पातळ करायचं असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, तेही 5 टक्क्यांपर्यंतच. बोअरचं पाणी नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिसळलेला माल डब्यावर दिलेल्या वेळेतच संपवायचा. बहुतेकांचा दोन ते चार तास असतो. थिनरवाला पीयू वेळ संपली की घट्ट होतो, डोळ्यांना कळतं. पाण्यावरचा तसा होत नाही. तो पातळच राहतो, लावायलाही छान लागतो, पण आतला हार्डनर पाण्याशीच खेळून संपलेला असतो. असा माल लावलात तर तुम्ही दोन भागांच्या किमतीत एका भागाचं फिनिश लावलं असं समजा.

जाड हात मारायचा मोह टाळा. हार्डनर पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. पातळ थरातून तो निघून जातो, जाड थरात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे होऊन अडकतो.

हातमोजे नायट्राइलचे. पुसून लावताना वाफारा कमी असतो, तरी पडवीची दोन्ही दारं उघडी ठेवा. उद्या कधी स्प्रे केलात तर साधा कापडी मास्क कामाचा नाही. आयसोसायनेटचे तुषार फुप्फुसात गेले तर कायमचा दमा जडू शकतो, तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. या एका कारणासाठीसुद्धा घरात पुसून लावणंच बरं.

---

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

वरच्या सगळ्याला हो, पण लाकडाच्या आणि पीयूच्या मध्ये काय आहे यावर कुणी बोललं नाही. सागवानाला तेच ठरवणार.

सागवान तेलकट. पीयू सरळ लावलात तर दोन गोष्टी होतात: तेलामुळे पकड कच्ची राहते आणि लाकडाचा रंग पाण्यात उतरून पट्टे पडतात. त्यावर उतारा म्हणजे मेण काढलेली चपडी (लाखेपासूनची राळ, शेलॅक). सागवान अ‍ॅसिटोनने पुसा (शेगडीपासून लांब, अंगणात), कापडावर पिवळं येणं थांबेपर्यंत, आणि सुकल्यावर अर्ध्या तासाच्या आत चपडीचा पातळ हात पुसून घ्या. तेल पुन्हा वर यायच्या आत झाकायचं असतं.

चपडीत निसर्गतः 4-5 टक्के मेण असतं. फ्रेंच पॉलिशला ते चालतं, पण पाण्याच्या पीयूखाली तेच मेण थर सोडवतं. काढायची सोपी पद्धत: अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 60 ग्रॅम चपडी, काचेच्या बाटलीत, दिवसातून दोन-तीनदा हलवत पूर्ण विरघळू द्या. मग आठवडाभर बाटलीला हातच लावायचा नाही. खाली दुधासारखा गढूळ साका बसतो, वर मधाच्या रंगाचं निवळ राहतं. सिरिंजला बारीक नळी लावून फक्त वरचं ओढून घ्या. हे द्रावण सहा महिन्यांत वापरा, जुनी चपडी नीट सुकत नाही. पेंटच्या दुकानातल्या तयार स्पिरिट पॉलिशमध्ये मेण असतंच आणि कधी रोझिनही असतं, ते यासाठी घेऊ नका.

एक हात, फार तर दोन. रात्रभर सुकवा, 400ने अलगद हात फिरवा, मग पीयू. चपडीचा दुसरा फायदा रंगाचा. वॉटरबेस्ड पीयू सागवानावर जरा राखट, थंड दिसतो. खाली चपडी असली की लाकूड उजळतं.

आमच्या सतारमेकर गल्लीत सतारी-तंबोऱ्यांना चपडीचंच पॉलिश चालत आलंय, पण त्या कामाची गंमत वेगळी आहे. दांडीवरचं पॉलिश अंगठ्याने झिजणारच हे धरलेलं असतं. नवा हात मारला की स्पिरिट जुन्या थराला विरघळवून त्यातच मिसळतं, सांधा दिसत नाही. पीयूचं तसं नाही. एक थर दुसऱ्यात विरघळत नाही, फक्त वर बसतो. त्यामुळे पीयूचा नेक पुढे कधी सोलवटला तर तेवढाच भाग भरता येत नाही, पूर्ण मागची बाजू 320ने घासून पुन्हा दोन हात द्यावे लागतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

---

राळ_आणि_रंधा (कराड)

सागवानापुरतं पूर्ण मान्य. मेपल आणि बीचला मात्र चपडी नको असं माझं मत. दोन्ही लाकडं बंद रेषांची, तेलकट नाहीत, पीयू त्यांना थेट छान धरतो. चपडी स्पिरिटने आणि उष्णतेने मऊ पडते. कणखर थराखाली मऊ अस्तर कशाला? कॅपोचा (नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा) दाब पडला की मऊ अस्तरावर ठसा उमटायची शक्यता वाढते. मेपलला पिवळसर झाक हवीच असेल तर पीयूमध्येच वॉटरबेस्ड रंगाचे थेंब टाका.

---

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

बीचला नको, हे पटलं. मेपलला एकच पुसट हात दिल्याने ठसे उमटत नाहीत, जाड दिला तर उमटतील. पण रंगासाठीच हवी असेल तर, नाहीतर गरज नाही.

---

अजिंक्यतारा_वुड (सातारा)

पावसाळ्याबद्दल: थांबायची गरज नाही, पण हवा मोजा. ऑनलाइन साधा आर्द्रतामापक मिळतो, तो पडवीत टांगा. 70 टक्क्यांच्या खाली आणि तापमान 20 ते 30 अंश असेल तर डब्यावरच्या वेळा पाळता येतात. 80च्या वर पाणी उडायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हार्डनर त्या पाण्याशीच खेळत बसतो. आमच्या इकडे जुलैमध्ये 90च्या वर जाते, तेव्हा छोट्या बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी लावल्याशिवाय काम करू नये. सांगलीत पाऊस आमच्यापेक्षा कमी, त्यामुळे दुपारी 12 ते 4 या वेळात उघडीप साधता येईल. पंखा नेकवर सरळ मारू नका. वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतलं पाणी अडकतं. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा.

उलट एप्रिल-मेमध्ये 38-40 अंशात हात मागे घेईपर्यंत कडा सुकते आणि कापडाचे पट्टे राहतात. त्या दिवसांत सकाळी लवकर. थंडीत पहाटे 12-13 अंश असताना एका डब्याचा पीयू लावला तर कण एकजीव होत नाहीत आणि थर भुरभुरीत, पांढरट राहतो. थंडी आणि ऊन दोन्ही टाळलेलं बरं.

लाकडाचा ओलावाही बघा. पडवीतलं लाकूड पावसाळ्यात 14-15 टक्क्यांवर जातं. फिनिश लावून मग ते हिवाळ्यात आकसलं तर फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि फिंगरबोर्डच्या सांध्यावर थराला बारीक रेघ पडते. नेक आठवडाभर घरातल्या कोरड्या खोलीत ठेवून 12 टक्क्यांच्या खाली आणा, मगच सुरू करा.

---

कृष्णाकाठचा_सुतार (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. हार्डनरवाला घेतो, सागवानाला चपडी, बाकी दोघांना थेट. आता तीन शंका. एकूण किती हात आणि मध्ये किती वेळ? हाताला न अडकणारा मॅट स्पर्श कसा आणायचा, सरळ मॅट पीयू घ्यायचा का? आणि शिसमाच्या फिंगरबोर्डची कडा, मेपलचा फिंगरबोर्ड, चाव्यांची भोकं, हे सगळं कसं सांभाळायचं?

---

राळ_आणि_रंधा (कराड)

कापडाने एक हात सुकल्यावर साधारण 12 मायक्रॉनचा होतो. आठ हात दिले की 90-100 मायक्रॉन, त्यातले 20-25 घासण्यात जातात. नेकला एवढं पुरे. याहून जाड केलात तर लाकडाचा स्पर्श हरवतो आणि धक्क्याने टवका उडायची भीती वाढते.

दिवसाला चार हात, मध्ये दोन-दोन तास. या अंतरात खालचा थर अजून पूर्ण बांधला गेलेला नसतो, म्हणून वरचा त्याला पकडतो आणि मध्ये घासायची गरज नसते. मात्र माल दर वेळी ताजा मिसळा. रात्र मध्ये गेली की दुसऱ्या दिवशी पहिल्या हाताआधी 400ने सगळीकडे मॅट करून घ्या. एकही चकाकता ठिपका राहिला तर तिथे पुढे पापुद्रा सुटतो. पहिला दिवस चार, दुसरा दिवस चार, काम झालं.

मॅटचं म्हणाल तर आधीचे सगळे हात ग्लॉसचेच द्या. मॅट पीयूमध्ये बारीक सिलिका असते, तिचे आठ थर एकावर एक चढले की लाकूड धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. हवाच असेल तर फक्त शेवटचा हात मॅटचा, आणि तो नंतर घासायचा नाही. तसाही अंगठा जिथे फिरतो तिथे मॅट काही महिन्यांत घासून चकाकतोच. म्हणून नेकला दुसरा मार्ग बरा: ग्लॉसवर थांबा, दोन आठवडे पिकू द्या, मग मागची बाजू 800, मग 1000 ओला पेपर, आणि शेवटी करड्या स्कॉचब्राइटने फक्त लांबीच्या दिशेने. चकाकी परत आली की स्कॉचब्राइट पुन्हा फिरवायचं. हेडस्टॉक ग्लॉस ठेवला तरी चालतो.

घासताना नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखी वर्तुळं दिसली तर थांबा. तुम्ही वरचा थर पार करून खालच्यात गेलात असा त्याचा अर्थ. पॉलिश करून त्या जात नाहीत. पूर्ण भाग 400 करून वर दोन हात नवे द्यावे लागतात.

पिकायचे दोन आठवडे गिटार केसमध्ये बंद करू नका आणि रबरी हुक असलेल्या स्टँडवर टांगू नका. नाकाजवळ धरून वास येत असेल तर अजून पिकलेलं नाही.

---

अजिंक्यतारा_वुड (सातारा)

शिसमाचा फिंगरबोर्ड उघडाच ठेवा, त्याला पीयू लागत नाही. वरचा पृष्ठभाग मास्किंग टेपने झाका आणि टेपची कड नखाने घट्ट बसवा. बाजूच्या कडांवर, म्हणजे खुणेचे ठिपके असतात तिथे, पीयू येऊ द्या, म्हणजे सांधा झाकला जातो. शेवटच्या हातानंतर दीड-दोन तासांनी नवीन ब्लेडने टेपच्या कडेने एक रेघ ओढा आणि टेप स्वतःवर दुमडून मागे ओढा. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर टेपबरोबर थराची झालर उपटून येते.

मेपलच्या फिंगरबोर्डला फ्रेट मारायच्या आधी चार हात द्या. त्याआधी प्रत्येक खाचेची कड तिकोनी कानशीने केसभर मोडून घ्या, म्हणजे फ्रेट ठोकताना थराचे टवके उडत नाहीत. पिकल्यावर फ्रेट सॉने खाच साफ करा आणि मग फ्रेट मारा.

नटच्या (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) खाचेत तिच्याच मापाची लाकडी चीप बसवून ठेवा, गोंद न लावता. चाव्यांची 10 मिलीमीटरची भोकं थर चढून 0.2 मिलीमीटरने अरुंद होतात. तशीच बुश (चावीची धातूची कडी) ठोकलीत तर हेडस्टॉकवर चांदणीसारख्या भेगा जातात. काठीला 220चा पेपर गुंडाळून भोक आतून साफ करा, पुढून आत असंच फिरवा, बाहेर ओढताना कड उचकटते. हीलचंही (नेकचं बॉडीत बसणारं टोक) तेच. दोन्ही बाजूंनी मिळून ती 0.2 मिलीमीटर जाड होते. बॉडीचा खाचा आधीच घट्ट असेल तर हीलच्या बाजूंना दोनच हात द्या, आणि तळ टेपने झाकून कोराच ठेवा.

टांगायला हीलच्या स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू घालून त्याला तार बांधा, हेडस्टॉक खाली. ओघळ आलाच तर तो टोकाला जमतो आणि सुकायच्या आत ओल्या फडक्याने एकदा फिरवून टिपता येतो.

---

मिरजेचा_तंबोरा (मिरज)

सागवानाच्या रेषा उघड्या राहतील, त्यावर एक शब्द. मागच्या बाजूला उघड्या रेषा हाताला बऱ्याच लागतात, भरू नका. हेडस्टॉकचा दर्शनी भाग मात्र सपाट हवा असेल तर चपडीच्या आधी हळू सुकणारा पारदर्शक इपॉक्सी घ्या, जुन्या एटीएम कार्डाने रेषांना तिरका दाबत पसरा आणि वरचा सगळा खरवडून काढा. 24 तासांनी 220ने लाकूड दिसेपर्यंत घासा, खड्डे उरले असतील तर पुन्हा एकदा. मग चपडीचा पुसट हात आणि त्यावर पीयू.

आणि हार्डनरची बाटली उघडल्यावर तोंड पुसून झाकण घट्ट लावा. आत पावसाळी हवा गेली की आठवड्याभरात तळाला जेलीसारखं जमतं, तो हार्डनर मग टाकून द्यायचा. लहानातला लहान पॅक घ्या.